जोडीदाराची हाक

“विचार आला की त्याला अडवू नका. नुसतं पाहा आणि जाऊ द्या,” ध्यान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. कंपनीच्या कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवून दहाबारा माणसं सतरंजीवर डोळे मिटून बसली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने मात्र एक डोळा किलकिला ठेवला होता. त्याच्या डोक्यात विचार नव्हताच, हाक होती. “पाहुण्या, पाना दे की!”

तो कामावर नेहमी उशिरा उगवायचा, म्हणून जोडीदाराने त्याला हे नाव ठेवलं होतं. चार महिन्यांपूर्वी लिफ्टच्या टपावर उभं राहून जोडीदाराने अशीच हाक मारली. हा दारातून पाना पुढे करतच होता, तोच ब्रेक सुटला आणि लिफ्ट जोडीदारासकट खाली कोसळली. पाना याच्या हातातच राहिला. तेव्हापासून याची झोप उडाली, हात कापू लागले. मन थाऱ्यावर आल्याशिवाय कामावर घेता येणार नाही, असं कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं.

“जरा मन लावून बसा हो,” बायको काकुळतीला यायची. “अशानं नोकरी जाईल.”

तिचं काही खोटं नव्हतं. पण जोडीदाराची म्हातारी आई दर रविवारी या मेकॅनिकची वाट बघत बसायची. एकुलता एक मुलगा गेलेला. चहा पुढ्यात ठेवून ती म्हणायची, “म्हण ना रे तसं.” मग तो कानात घुमणारी हाक जशीच्या तशी काढायचा, जरा नाकात, शेवटचा हेल ओढून. म्हातारी डोळे मिटून ऐकायची.

हाक गेली तर हिला काय द्यायचं, या धास्तीने तो ध्यानाला बसूनही अंग चोरायचा. पण शरीर किती दिवस तग धरणार? एका दुपारी श्वासाकडे बघता बघता त्याचा डोळा लागला, तो बाईंनी हलवल्यावरच उघडला. डोकं रिकामं होतं. त्या रात्री तो चक्क घोरला. बायकोला आनंदाने रडू फुटलं. हळूहळू हातांचं कापणं थांबलं, डॉक्टरांनी सही केली.

रविवारी म्हातारीने चहा ठेवला. “म्हण ना.”

तो म्हणाला. हेल ओढून पुन्हा म्हणाला. घसा खाकरून तिसऱ्यांदा म्हणाला.

“असा नव्हता रे त्याचा आवाज.”

“आता आठवत नाही, मावशी.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. “झोप लागते का आता?”

“लागते.”

“मग बरं झालं, बाबा,” ती म्हणाली आणि त्याची कपबशी उचलून आत गेली. आत नळ सुरू झाला. एवढीशी कपबशी धुवायची, पण नळ कितीतरी वेळ चालूच राहिला.