पूर्व काठावरची बोटुकली

सोमवारी दुपारी तलावाच्या पश्चिम बांधावरून रोहूची वीस हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, पाण्यात सोडली गेली. बुधवारी सकाळी तिथे एकही मेलेले पिल्लू नव्हते. सव्वा किलोमीटरवर, पूर्व काठाला, हजारो होती.

पूर्व काठावर एकच घर होते, शहादेवचे. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आबासाहेब यांनी ठरवून टाकले की त्यानेच पाण्यात औषध टाकले. शनिवारच्या सभेत त्याचे सभासदत्व रद्द होणार होते. त्याबरोबर तलावात जाळे टाकण्याचा हक्कही.

मी संशोधन जहाजावर अरबी समुद्राचे प्रवाह आणि त्यांबरोबर वाहणारे जीव मोजतो. रजेवर तलावाजवळच्या तेलगावला, घरी आलो होतो. शहादेव घरी आला, तेव्हा मोजून सांगतो, एवढेच मी म्हणालो.

शुक्रवारी त्याच्याच होडीतून निघालो.

"एवढालं जहाज सोडून आमच्या डबक्यात कशापायी आलात, सायेब?"

"इथं उलट्या होत नाहीत."

बांधाजवळ दहा अर्धवट भरलेल्या बाटल्या सोडल्या. वारा पश्चिमेचा होता, त्या आठवड्यात रोजच होता. साडेतीन तासांत नऊ बाटल्या शहादेवच्या काठाला लागल्या. तिथेच टाकलेल्या जाळ्यात जुने मासे धडधाकट निघाले. औषध असते तर तेही मेले असते.

"सोडताना पिल्लं कशी होती?"

"सोडल्याबरुबर बुडाला गेली. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली गेली म्हंजी जगली, असंच धरतात आमच्यात."

"पिल्लांच्या प्लास्टिकच्या पिशव्या कधी आल्या होत्या?"

"नऊला. पन आबासाहेबांनी नारळ फोडल्याबिगर पिशवीला हात लावायचा न्हाई. ते माजलगावहून आले दीडला."

"तोवर पिशव्या?"

"बांधावरच. औंदा तिथं सावलीला बाभळ तरी कुटं राहिली हाय?"

शनिवारी सकाळी नऊ वाजता तशीच पिशवी तलावाच्या पाण्याने भरून बांधावर ठेवली. दीड वाजता पिशवीत चाळीस अंश होते, तलावात अठ्ठावीस.

चार वाजता सभेत मी आकडे वाचून दाखवले.

"म्हंजी आमच्या नारळानं मासे मेले म्हनता?" आबासाहेबांनी विचारले.

"नारळ नऊला फुटला असता, तर जगले असते."

मागून कुणीतरी हसले. आबासाहेब हसले नाहीत, पण ठराव त्यांनी मताला टाकला नाही. सचिवाने इतिवृत्तात कारण लिहिले, ते असे: बोटुकली साडेचार तास उन्हात राहिल्याने पिशवीतच दगावली, सोडल्यावर बुडाली, मंगळवारी रात्री फुगून वर आली आणि वाऱ्याने पूर्व काठाला लागली.