ओळखीचे तीन सेकंद

माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. चोरीचा माल टेम्पोतून पोचवला, दोन वर्षं लागली. केलं ते भोगतोय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोन कंपनीचं त्याने काय घोडं मारलं होतं?

भाऊ बोलताना अडखळतो, लहानपणापासूनच. बाकीचे शब्द कसेबसे निभावतो, पण स्वतःचं नाव म्हटलं की गाडी अडलीच. नाव 'प'वरून आहे आणि 'प' त्याचा जन्माचा वैरी. शाळेत हजेरी घेताना बाई थोडा वेळ वाट बघायच्या आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या.

पूर्वी तुरुंगातला शिपाई नंबर लावून द्यायचा. दोन महिन्यांपूर्वी तिथे कंपनीचं यंत्र आलं. ते आधी कैद्याला 'ओळख नोंदवा' म्हणतं आणि तीन सेकंद देतं. मग माझा फोन वाजतो. उचलला की एक गोड आवाज म्हणतो, 'कारागृहातून', पुढे कैद्याच्या आवाजात नाव, आणि मग 'यांचा फोन आहे, स्वीकारण्यासाठी एक दाबा'. नावाच्या जागी काहीच नसेल तर फोन आपोआप बंद. मी उचलला, म्हणून जोडणीचे पैसे मात्र कंपनीकडच्या माझ्या खात्यातून गेलेच.

भावाला तीन सेकंदांत नाव येत नव्हतं. 'कारागृहातून', शांतता, खट्‌. एका संध्याकाळी चार वेळा असं झालं. मी कपडे दुरुस्त करून पोट भरते. एका पँटची उंची कमी करावी तेव्हा एका जोडणीचे पैसे सुटतात. भावाचा एक शब्दही कानावर न पडता चार पँटी गेल्या.

मग त्याचं पत्र आलं. 'ताई, खात्यात पैसे भरू नकोस. मी आता फोन करणार नाही. इथे तसंही मला बोलावं लागत नाही.'

मोकळेपणाने तो फक्त माझ्याशी बोलतो. उरलेलं वर्षभर तोंडच उघडलं नाही, तर बाहेर येईल तो माझा भाऊ असेल की नुसतं त्याचं अंग? मी शिलाई मशीनवर कापड टाकलं, बिल घेतलं आणि कंपनीच्या कार्यालयात गेले.

काउंटरवर चष्म्याची साखळी गळ्यात घातलेली बाई होती. तिने बिलावर बोट फिरवलं.

"अकरा जोडण्या. बरोबर आहे."

"मिनिटं किती लिहिलीत?"

"शून्य."

"मग कशाचे पैसे?"

"तुम्ही उचलला ना फोन?"

"वाजल्यावर उचलू नको तर काय त्याची पूजा करू?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाईला मात्र हसू आलं नाही. "कैद्याने नाव सांगितलं नाही, त्याला कंपनी काय करणार? वेळेत नाव सांगायला सांगा त्याला."

माझं डोकंच फिरलं. "ताई, तो अडखळतो. लंगड्याला पळायला सांगून वर दंड घ्याल का? मला नियम दाखवा. कागदावरचा."

"नियम असे दाखवत नाहीत."

"मग मी बसते."

मी बाकावर बसले. शिवणकाम करणाऱ्या बाईला बसायचं काय शिकवता? दोन तास झाले, जेवणाची सुट्टी होऊन गेली. शेवटी ती स्वतःच एक जाड फाइल घेऊन आली आणि पान माझ्यापुढे आपटलं. मी ओळीखाली बोट ठेवून वाचलं: 'कैद्याने स्वतःच्या आवाजात ओळख नोंदवावी.'

पुन्हा वाचलं. मग विचारलं, "यात नाव कुठे आहे?"

"म्हणजे?"

"ओळख लिहिलंय. नाव नाही लिहिलं."

तिने चष्मा लावला, ओळ वाचली, पान उलटून मागचं वाचलं. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "यंत्राला काय कळतंय नाव की गाव! आवाज लागतो फक्त. सगळे नावच सांगतात, म्हणून आम्हीही नावच म्हणतो."

"म्हणजे अकरा वेळा तुम्ही त्याच्याकडे नियमात नसलेली गोष्ट मागितलीत. तक्रार लिहून घ्या."

"पैसे परत मिळतील असं मी सांगू शकत नाही हं."

"तुम्ही शिक्का मारा. पुढचं मी बघते."

तिने शिक्का मारला. मनाने वाईट नव्हती ती. तिला त्या खुर्चीची सवय झाली होती, इतकंच.

घरी येऊन मी भावाला चार ओळी लिहिल्या. 'नाव सांगू नकोस. जे तोंडातून सहज निघेल ते सांग. नियम मी वाचलाय, तक्रारही दिलीय. आणि फोन करायचा की नाही हे तू ठरवायचं नाहीस, मोठी मी आहे.'

पहिल्या आठवड्यात फोन आला नाही. दुसऱ्यातही नाही. भाऊ हट्टी आहे. आमच्या घरात सगळेच तसे आहेत. मी खात्यात पैसे भरत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, एका कोटाचं अस्तर उसवत असताना फोन वाजला. दोऱ्याचे तुकडे चिकटलेल्या हातानेच मी उचलला.

'कारागृहातून,' गोड आवाज म्हणाला.

मग भावाचा आवाज आला. कुठेही न अडता, एका दमात: "ताईचा भाऊ."

'यांचा फोन आहे. स्वीकारण्यासाठी एक दाबा.'

मला रडू फुटलं. डोळ्यांना आकडे दिसेनात, अंदाजाने एक दाबला.

"ता... ताई?"

"बोल."

तो बोलायला लागला. स्वयंपाकघरात काम मिळालंय, हे सांगायलाच त्याला मिनिटभर लागलं. पुढचा शब्द मला कळत होता, जिभेवर आला होता. पण मी तो उच्चारला नाही. पैसे पडत होते, पडू दिले. त्याचा शब्द त्यालाच पुरा करू दिला.

मग त्याने तक्रारीचं काय झालं ते विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हटलं. "सोमवारी परत जाऊन बसणार आहे. तू बोल."