चॅपलमधला कोनाडा

"आणि हा कोनाडा," विशाखाने भिंतीतल्या पोकळीत हात घातला, "ह्यात दिवा ठेवत असणार. आपल्याकडे देवळीत ठेवतात ना, तसा."

मराठी मंडळाच्या सहलीतली माणसं कौतुकाने पुढे सरकली. नेदरलँड्समधल्या हार्लेमबाहेरचं हे मध्ययुगीन चॅपल. छप्पर केव्हाच गेलेलं. उरल्या होत्या विटांच्या तीन भिंती आणि टोकदार कमानी. विशाखा आधी मराठीत सांगायची, मग गावातल्या आजी-आजोबांसाठी डचमध्ये.

सुचेताच्या पोटात दुखत होतं. पुण्यात जुनी देवळं दुरुस्त करणारी आर्किटेक्ट ती! नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि घरी बसली. आणि ही विशाखा, बँकेत काउंटरवर बसणारी, गाइडचा बिल्ला लावून मिरवतेय. तो बिल्ला सुचेताला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. त्यात आता बयेने चूक केलेली. सुचेताला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली. पण म्हणून काही ती गप्प बसली नाही.

"दिवा कुठला गं?" ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "तळाला भोक आहे बघ. पूजेचा पेला इथे धूत असत. ते पाणी गटारात जायला नको, म्हणून भिंतीतून थेट जमिनीत सोडायचे. निर्माल्य आपण पायदळी टाकतो का? तसंच."

"अय्या, खरंच की!" मंडळातली मंजूषा म्हणाली. "सुचेता, पुढचं तूच सांग ना."

विशाखाने बोटाने भोक चाचपलं. तिचे कान लाल झाले होते. सुचेता ऐटीत पुढे आली.

तेवढ्यात एका डच आजोबांनी तिला काहीतरी विचारलं. ती इंग्रजीत समजावू लागली. आजोबांनी हसून नकारार्थी मान हलवली आणि ते विशाखाकडे वळले. इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, असं म्हणून सुचेताने डचच्या क्लासला पहिल्याच महिन्यात रामराम ठोकला होता.

विशाखा सांगू लागली. पेला, पाणी, जमीन, सगळं हातवारे करून. आजोबा "आह!" म्हणाले. एका आजींनी वाकून भोक पाहिलं आणि विशाखाचा हात हातात घेतला. विशाखाने तो हलकेच सोडवला, सुचेताकडे बोट केलं आणि बराच वेळ, अगदी भरभरून, काहीतरी बोलली. सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

एवढ्या सगळ्यातून सुचेताला कळलं ते फक्त तिचं स्वतःचं नाव.