बुडवून दाखवा!

मी पत्र्याचा डबा बोलतोय. रिकामा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तुमच्यातले बरेच जण रिकामे असून भरल्याचा आव आणतात. मी तसं केलं असतं तर नारायण पेठेतली निम्मी पोरं बुडाली असती.

जन्माने मी गोडेतेलाचा. तेल संपल्यावर माझे भाऊबंद कुणी धान्याला गेले, कुणी न्हाणीघरात. मला महिपतरावांनी उचललं. ते सरकारी कचेरीत कारकून. तळाला गेलेल्या फायली वर काढणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून रविवारी ते पोरांना पाण्यातून वर काढत. पत्र्याची कामं करणाऱ्या शमशुद्दीनचाचांनी कथलाचा डाख देऊन माझं तोंड कायमचं बंद केलं, दोरीसाठी दोन कड्या बसवल्या आणि म्हणाले, "घ्या रावसाहेब. हा तुमच्या साहेबापेक्षा भरवशाचा."

त्या काळी पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला डबा बांधायचा आणि विहिरीत उडी मारायची. नाही मारली तर मागून कुणीतरी मदत करी. खडकवासल्याच्या वाटेवर ज्ञानदेवांच्या मळ्यात विहीर होती. तिथे माझ्या जिवावर कितीतरी पोरं तरली. पुढे एकानेही माझी चौकशी केली नाही, ते असो.

शिकला नाही तो एकच, महिपतरावांचा स्वतःचा शंभू. पहिल्याच दिवशी मला पाठीवर घेऊन तो उलट दिशेने पळाला, तो थेट डांबरी रस्त्यावर सापडला.

मग देशाचा बाजार खुला झाला. दंडाला बांधायचे रंगीत फुगे आले, निळ्या फरशीचे टँक आले आणि मी माळ्यावर गेलो. शंभू हिंजवडीला कंपनीत लागला. तिथलीच पूर्णिमा लग्न होऊन या घरात आली.

पूर्णिमा धावते. नदीपात्रातल्या रस्त्यावर सकाळी धावते, मग कंपनीच्या बसमध्ये झोपते. पुढे तिचा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, धावणं जरा कमी करा. तिने जोडीला पोहणं आणि सायकलही सुरू करायचं ठरवलं. तिन्ही खेळ एका दमात करायचे, त्याला ट्रायथलॉन म्हणतात.

"अगं, गुडघा एक दुखतोय आणि खेळ तीन?" शंभू म्हणाला. "या वयात?"

"मग कोणत्या वयात? तुझ्या?"

स्पर्धेत आधी तळं पोहून जायचं. ते जमलं नाही तर सायकलला हात लावू देत नाहीत. आणि पूर्णिमाला पाण्याची भीती. टँकमध्ये उतरली की ती दात आवळायची, श्वास कोंडायची आणि जीव खाऊन पाय मारायची. पळणारी बाई ती, पाण्यातही पळायची आणि सरळ तळाला जायची. शिकवणारा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही रनिंगच करा ना." त्या दिवशी घरी येऊन तिने पोहण्याचा चष्मा कपाटाच्या तळाला टाकला.

महिपतरावांनी मला माळ्यावरून खाली काढलं.

"बाबा, ते भंगार आहे. मी देऊनच टाकणार होतो," शंभू म्हणाला.

"तुझ्या पाठीला झेपला नाही, एवढ्यावरून त्याला भंगार म्हणू नकोस."

टँकच्या रखवालदाराने पाटीकडे बोट दाखवलं : 'बाहेरचे खाद्यपदार्थ व डबे आणू नयेत.' वाद घालण्याचं महिपतरावांचं वय राहिलं नव्हतं. त्यांनी सुनेला घेऊन ज्ञानदेवांची विहीर गाठली.

"ताई, इहीर खोल हाय," ज्ञानदेव म्हणाले, "पर आजवर कुणाला ठिवून घेतलं न्हाय."

रविवारमागून रविवार गेले. ज्ञानदेव शेजारी पोहायचे, महिपतराव पायरीवरून ओरडायचे, "अगं, हळू! इथे तुझ्यामागे कुणी लागलेलं नाही." हळूहळू तिचे दात सुटले, श्वास सुटला.

आणि एका रविवारी माझा डाख सुटला. ती ऐन मध्यावर, आणि पाणी माझ्यात शिरू लागलं. ओरडून सांगणार कसा? तोंड तर चाचांनी बंद केलेलं. उभ्या आयुष्यात कुणाला बुडवलं नव्हतं, आता हीच पहिली, असं वाटून माझा पत्रा गार पडला.

पण ती बुडेना. "आज हा ओढतोय का एवढा?" एवढंच पुटपुटली आणि विहिरीला फेऱ्या मारत राहिली. शेवटी पायरीवर उभी राहायला गेली, तशी माझ्या वजनाने मागे झुकली. माझ्या सांध्यातून पाण्याची धार लागली.

"आरं, ह्यो तर गळ्यापत्तुर भरलाय!" ज्ञानदेव म्हणाले.

पूर्णिमा धारेकडे बघत राहिली. "बाबा, म्हणजे मी..."

"लोक डब्याच्या जिवावर पोहतात," महिपतराव म्हणाले. "तू डब्याला फिरवून आणलंस."

स्पर्धेत ती जवळजवळ शेवटी आली. तळं पार केलं, सायकल मारली, लंगडत का होईना, धावलीही. गुडघा अजून कुरकुरतो. ती त्याला मोजत नाही.

"आता तरी टाकू या का हा?" शंभूने विचारलं.

"डाख देऊन आणलाय," ती म्हणाली. चाचांचा नातू शहाबाज मोबाईल दुरुस्त करतो. मला पाहून हसला, पण आजोबांचा हात ओळखून काम चोख केलं. पूर्णिमाने शंभूला बजावलं, "रविवारी तुझी पाळी."

हल्ली मी दिवाणखान्यात तिच्या पदकांशेजारी टांगलेला असतो. वाचकहो, माळ्यावरचं काही भंगारात घालण्याआधी ते एकदा पाण्यात टाकून बघा. बुडलं तर खुशाल द्या. मी बुडून वर आलोय, माझं नाव काढू नका.

शंभू येताजाता मला पाहून नजर चुकवतो. पळ म्हणावं. या खेपेला मागे पूर्णिमा आहे.