प्रसादच्या कपाटातला पासपोर्ट

मी शालन गुणाजी पाष्टे यांचा पासपोर्ट बोलतोय. त्यांचा म्हणजे नावापुरता, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही सौदीत दम्मामला उतरलो त्याच दिवशी त्यांच्या मुलाने, प्रसादने, "आई, हरवशील" म्हणून मला काढून घेतलं, कपाटात टाकलं आणि किल्ली खिशात घातली.

गंमत ऐका. याच प्रसादचा पासपोर्ट पहिल्या नोकरीत त्याच्या कफीलने, म्हणजे मालकाने, दोन वर्षं दाबून ठेवला होता. अजूनही जेवताना तो त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो. "आम्ही माणसं आहोत की गुरं?" म्हणतो. समोर आई भाकरी वाढत असते. माझ्या शेजारी कपाटात खजुराचा डबा असायचा. त्याला तरी दोन दिवसांआड हवा मिळायची.

शालनबाई आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. सून स्मृती नर्स, नातू शर्विल जेमतेम वर्षाचा. व्हिजिट व्हिसावर एका वेळी नव्वदच दिवस राहता येतं. त्यावर इथल्या शहाण्यांनी तोड काढली आहे. नव्वदावा दिवस जवळ आला की म्हातारीला गाडीत घालायचं, समुद्रावरचा पूल ओलांडून बहरैनला न्यायचं, तासभर मॉलमध्ये फिरवायचं आणि परत आणायचं. की मिळाले पुन्हा नव्वद! याला ही मंडळी पिकनिक म्हणतात. पुलावर फोटो काढतात, चिप्स खातात. शिक्के मात्र माझ्या अंगावर.

दोनदा मी असा जाऊन आलो. दोन्ही वेळा शालनबाईंनी विचारलं, "आता जाऊ ना रे मी घरी?"

"एवढी एक खेप, आई. स्मृतीच्या ड्यूट्या बघतेस ना?"

मुलाला-सुनेला आया परवडत नव्हती असं नाही. आई फुकट होती, आणि शिवाय भाकरी करत होती.

मग पुण्याहून त्यांच्या लेकीचा, अमिताचा, फोन आला. आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, गुहागरला करायचं हे कधीचं ठरलेलं, आणि माहेराला कुलूप. "सासूबाई म्हणतात, तुझ्या आईला मुलाचंच घर दिसतं," म्हणत पोरगी रडली. शालनबाई ऐकून घेऊन पुन्हा पिठाकडे वळल्या. या बाईत काही दम नाही, असं मला वाटलं. मी चुकलो.

मी कपाटाबाहेर येतो तो फक्त पुलाच्या दिवशी, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. तिसऱ्या खेपेला पिशवीत शर्विलच्या दुपट्यांखाली त्यांनी स्वतःच्या दोन साड्या घातल्या. पूल ओलांडला, शिक्के बसले. प्रसादने मला शर्टाच्या खिशात टाकून गाडी मॉलकडे वळवली.

"प्रसाद, विमानतळाकडे घे."

"कशाला?"

"दुपारी मुंबईचं विमान आहे. अमिताने तिकीट काढलंय."

"आई! आणि शर्विलला कोण बघणार?"

"त्याचे आईबाप. दोघंही धडधाकट आहेत."

"निदान मला विचारायचं तरी!"

"नऊ महिने विचारतेच आहे."

मागच्या सीटवर स्मृतीने शर्विलला आपल्या मांडीवर घेतलं. विमानतळाच्या दारात प्रसादचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. मला त्याने वरून घट्ट दाबून धरलं. शालनबाईंनी तळहात पुढे केला.

"दे. नाहीतर उद्यापासून त्या कफीलला शिव्या देणं सोड."

त्याने मला दिलं.

अमिताला मुलगी झाली. गुहागरच्या ओटीवर दुपटी वाळत असतात. प्रसाद रोज फोन करून विचारतो, "परत कधी येतेस?" शालनबाई म्हणतात, "बघू." त्यांच्या तोंडचा एवढा गोड शब्द मी पूर्वी ऐकला नव्हता.

तुमच्या कपाटात कुणाच्या आईचा पासपोर्ट असेल, तर आजच्या आज तिच्या हाती द्या. माझी पानं अजून पुष्कळ कोरी आहेत. वाटलं तर त्या जातील, नाही वाटलं तर नाही. तोवर मी इथे स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात आहे. डब्याला कुलूप नाही.