धावड्याच्या तलावाची जाहीर नोटीस

तहसील कचेरीतून भोकरदनच्या वाचनालयात जे पाकीट आलं त्याच्यावर दोन शिक्के होते. एक ‘जाहीर नोटीस’, दुसरा ‘गोपनीय’. ग्रंथपाल रामरावांनी चष्मा पुसून दोन्ही पुन्हा वाचले. तहसीलदारांचे कागद सांभाळणारे पेशकार ते घेऊन आले होते; त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. नोटीस वाचनालयात ठेवली की ती जनतेला कळली, असा कायदा. पाकीट दिवाळीनंतर फोडायचं, असा साहेबांचा हुकूम. हरकती मात्र दसऱ्याच्या आत द्यायच्या.

मंग लोकांनी हरकत घ्यावी कशी, असं रामरावांनी विचारलं. हुकुमात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, असं सांगून पेशकारांनी पोचपावती पुढे सरकवली. ‘जनतेस माहिती पोचली’ एवढंच तिच्यात होतं. रामरावांनी सही केली. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आता जे लपवलं जाई ते लोकांच्याच भल्यासाठी.

वाचनालयात आलेला कागद वाचणाऱ्याचा, अशी रामरावांची एक जुनी समजूत होती. जालन्याला गेले तेव्हा त्यांनी ती तिथल्या ग्रंथपालांपुढे मांडली. ते म्हणाले, आपलं काम पुस्तकांना वाळवीपासून वाचवायचं, माणसांना सरकारपासून न्हाई. अशी पाकिटं ते स्वतः वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवत.

दसऱ्याला आठवडा होता तेव्हा धावडा गावचा रखमाजी आला. कोणी मोजणीची साखळी घेऊन आल्ते, त्याच्या विहिरीभोवती चुना टाकून गेल्ते, आणि विचारलं तर बोलले नव्हते. ती विहीर त्याने आणि भावाने तीन उन्हाळे खोदली होती. भाऊ त्यातच गेला, आणि पाणी त्यानंतर लागलं.

“माही विहीर जाऊन राह्यली का, एवढंच सांगा मास्तर.”

रामराव कपाटाकडे गेले. नव्या पुस्तकांची जोडलेली पानं फाडायच्या सुरीने त्यांनी पाकिटावरची लाख काढली आणि नोटीस हळू आवाजात वाचून दाखवली. तलाव होणार होता. रखमाजीचा सर्व्हे नंबर पाण्याखाली होता, विहिरीसकट. दुसऱ्याच दिवशी रखमाजीने कचेरीत हरकत दिली.

पेशकार वाचनालयात आले तेव्हा रखमाजी बाकावर बसलेला होता. त्यांनी त्याला उठवलं नाही. हरकत बिलकुल मुदतीत आहे, ते म्हणाले, अडचण तीच आहे. जी नोटीस कुणालाच माहीत नाही तिच्यावर हरकत आली, म्हणजे सरकारी कागद फुटला. खटला होईल, आणि आधी रखमाजीवर. त्यापेक्षा पाकीट शाबूत आहे असं रामरावांनी लिहून द्यावं. मंग हरकत अफवेवरून दिली म्हणून निकालात निघेल, आणि सगळेच मोकळे.

“आणि फुटलं असं लिहिलं तर?”

“तर हरकत चोरीच्या कागदावरची. ती विचारातच घेता येत न्हाई.”

“म्हणजे विहीर दोन्हीकडून जाते.”

“विहिरीचं कुठं विचारलं रामराव? पाकिटाचं विचारलं.”

रामरावांनी टाक उचलला आणि खाली ठेवला. खरं लिहावं, नोकरी गेली तर जावी, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण तुरुंगात जाणारे ते एकटे नव्हते.

“लिवा मास्तर,” रखमाजी बाकावरून म्हणाला. “विहीर तं गेली. मला तरी घरी राहू द्या.”

रामरावांनी लिहिलं. कुठे खाडाखोड झाली नाही. पेशकारांनी तिथेच लाख वितळवून पाकीट पुन्हा शाबूत केलं.

दिवाळी झाल्यावर रामरावांनी ते रीतसर फोडून नोटीस फळ्यावर लावली. त्या दिवशी धावड्याला रखमाजी मोटेची लाकडं उतरवत होता. वाचनालयात गर्दी बरी होती. एका अडत्याने नोटीस जरा बाजूला घ्यायला सांगितली, तिच्याखाली सरकीचे भाव झाकले गेल्ते. रामरावांनी ती बाजूला घेतली.