शेठच्या नावाला मी दिलेला सूर

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, दमलेली आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बोलता बोलता माझा श्वास तुटला तर तुम्ही हसणार नाही. माझा भाता उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडला आहे. मधली एक पट्टी दाबली तर आवाज येत नाही, नुसती हवा जाते. पण गोष्ट सांगण्यापुरता दम अजून आहे.

माझा जन्म अणदूरचा. तिथले वीरप्पा मिस्त्री दारं-खिडक्या करता करता पेट्याही करायचे. सागाच्या चांगल्या फळ्या ते बाजूला काढून ठेवत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "दाराला साधं लाकूड चालतंय. ही फळी गाणार हाय." परंड्याच्या खाजाभाईंनी मला तिथून एस.टी.ने नेलं, तेही मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "चाचा, वर टाका की सामान." खाजाभाईंनी ऐकलं नाही. तेव्हा मला वाटलं, आपलं नशीब चांगलं आहे.

आणि ते होतंच. खाजाभाई कव्वाल होते. भिमाबाई त्यांच्या पार्टीतल्या गायिका. उरुसात भिमाबाई कव्वाली गात आणि भीमजयंतीला खाजाभाई भीमगीतं गात. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. भिमाबाईंचा आवाज असा की पहिली ओळ उचलली की मागच्या रांगेतली माणसं पुढं सरकत. पुढं मोबाइल आले, त्यांची गाणी घरोघरी पोहोचली. लोक दोघांसोबत फोटो काढून घ्यायचे. फोटोत मीही असायची, पण माझ्याकडे कोण बघतो!

आता आमच्या कामातली एक रीत सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. कार्यक्रम चालू असताना कुणी बक्षीस दिलं की त्याच्या नावाची चिठ्ठी स्टेजवर येते. ती माझ्या झाकणावर ठेवतात. गाणं संपलं की गायक ती माईकवर वाचतो, देणाऱ्याची दोन शब्दांत तारीफ करतो आणि त्या वेळी पेटीवाल्यानं खाली एक लांब सूर धरायचा. त्या सुरानं साधं नावही भारदस्त वाटतं. खाजाभाई स्वतःच पेटी वाजवायचे, म्हणजे नाव त्यांचं तोंड घ्यायचं आणि सूर मी द्यायची. अशी हजारो नावं मी अंगावर घेतली. कोण खरा, कोण खोटा, कधी कुणी विचारलं नाही.

एका उरुसात संध्याकाळी एका शेठची चिठ्ठी आली. त्याचं नाव मी सांगणार नाही. एकदा माझ्या सुरावर घेतलं गेलं, तेवढं पुरे झालं. पांढरा सदरा, गोड बोलणं. खाजाभाईंनी चिठ्ठी वाचली, "गरिबांचे कैवारी" म्हटलं. भिमाबाईंनी टाळी वाजवली. शेठला स्टेजवर बोलावून हार घातला. मी सूर धरला, आणि चांगला लांब धरला. त्याचा व्हिडिओ निघाला आणि गावोगाव फिरला.

सात-आठ महिन्यांनी एक बाई परंड्याला खाजाभाईंच्या दारात आली. चपला हातात होत्या, एकीचा अंगठा तुटलेला. तिची तेरा वर्षांची मुलगी शेठबरोबर शहरात गेली होती. शिवणकाम शिकवतो, शाळेतही घालतो, असं तो म्हणाला होता. दोन महिने फोन आला, मग बंद झाला. त्या मुलीचं नाव, गाव मी मुद्दाम सांगत नाही. कारण पुढं सांगेन.

ती बाई रडली नाही, भांडलीही नाही. नुसतं म्हणाली, "भाई, तुमीच तर माईकवर नाव घेतलं व्हतं ना त्याचं? म्या म्हटलं, खाजाभाई ज्याला हार घालतात तो माणूस खोटा कसा आसंल?"

मी कोपऱ्यात होते. मित्रांनो, लाकडालाही लाज वाटते. त्या दिवशी मला फार वाटली.

खाजाभाई तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तक्रार नोंदवली. शेठ केव्हाच गाव सोडून गेला होता. दिलेला पत्ता खोटा, फोन बंद. घरी आल्यावर खाजाभाई भिमाबाईंना म्हणाले, "तो व्हिडिओ पयल्यांदा पुसून टाकतो. बघवत न्हाय."

भिमाबाई ताडकन म्हणाल्या, "पुसू नका. त्याचं थोबाड दुसरं कुठंच न्हाय. तेवढ्यातच हाय."

"लोक मला काय म्हणतील, भिमाबाई?"

"म्हणू द्या की. तुमाला एकट्याला कशाला, टाळी म्या बी वाजवली व्हती. आपली लाज चार गावात जाऊ द्या, पोरगी सापडंल."

त्या दिवसापासून आमच्या पार्टीची रीत बदलली. बक्षिसाच्या चिठ्ठ्या वाचणं बंद झालं. प्रत्येक कार्यक्रमात रंग भरला की मधेच खाजाभाई थांबायचे आणि तो व्हिडिओ पडद्यावर लावायचे. "ह्याला हार घालणारा हात माझा हाय," असं म्हणायचे. मग मुलीचा फोटो दाखवायचे, तिचं नाव घ्यायचे. भिमाबाई १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर सांगायच्या, तोही तीनदा. म्हणायच्या, "आमी चांगलं म्हटलं म्हणून कुणाच्या हाती लेकरू देऊ नका. आमी गाणारी माणसं. आमाला सूर कळतो, माणूस कळत न्हाय."

लोकांना हे आवडलं असं समजू नका. एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात यजमान म्हणाले, "भाई, आज तरी ते रडगाणं नको." खाजाभाईंनी मला उचललं आणि न गाताच घरी आले. आमंत्रणं कमी झाली. काही म्हणाले, प्रसिद्धीसाठी सोंग करतात. मी आठवडेच्या आठवडे कपाटावर पडून राहिले, तेव्हाच उंदरांनी माझा भाता खाल्ला. पण हळूहळू दुसऱ्या पार्ट्यांनीही तो व्हिडिओ आपल्या कार्यक्रमांत लावायला सुरुवात केली. लग्नात गाणाऱ्यांनी लावला, जत्रेत गाणाऱ्यांनीही लावला. आमच्या गाण्यांपेक्षा आमची चूक जास्त लोकांनी पाहिली.

मग एकदा अणदूरला, माझ्याच जन्मगावी, कार्यक्रमात एक चिठ्ठी आली. सवयीनं ती माझ्या झाकणावर ठेवली गेली. धम्मपाल नावाच्या ट्रकवाल्यानं लिहिली होती. 'त्या माणसाला म्या शहराबाहेरच्या एका कारखान्यात बघितलं. माल घेऊन गेलतो. वरच्या खिडक्यांना जाळी हाय. आत बारक्या पोरी साड्यांना टिकल्या लावत बसल्यात.'

खाजाभाईंनी ती चिठ्ठी माईकवर वाचली नाही. घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या गाण्यात त्यांच्या पट्ट्या चुकल्या. गाणं संपल्या संपल्या धम्मपालला घेऊन ते पोलिसांकडे गेले. चार दिवसांनी धाड पडली. अकरा मुली सापडल्या. शेठही सापडला. काहींच्या आया तर बातमी कळताच पायात चप्पल न घालताच त्या शहराकडे निघाल्या, असं नंतर भिमाबाईंनी सांगितलं. आणि त्या अकरा जणींत आमच्या दारात आलेल्या बाईची लेकही होती. तिला घरातून जाऊन चौदा महिने झाले होते.

तुम्हाला वाटेल, आता वाजंत्री वाजली असतील. तसं काही झालं नाही. काही महिन्यांनी ती मुलगी आईबरोबर परंड्याला आली. खाजाभाईंनी तिच्यापुढं हात जोडले. ती माझ्याजवळ बसली. बोटांच्या टोकांना सुयांचे काळे डाग होते. त्या बोटानं तिनं माझी एक पट्टी दाबली. नेमकी तीच, आवाज न येणारी. खाजाभाई म्हणाले, "दुसरी दाब, बेटा." तिनं दाबली नाही.

मग खाली बघत म्हणाली, "चाचा, आता माईकवर माझं नाव नका घेऊ. बाजारात गेलं की लोक बोट दाखवतात, तीच ती म्हणतात. मला आता कुणीच वळखू नये."

खाजाभाई म्हणाले, "न्हाय घेणार. कधीच न्हाय." त्याच दिवशी त्यांनी आणि भिमाबाईंनी ओळखीच्या सगळ्या पार्ट्यांना फोन करून तिचा फोटो काढून टाकायला लावला. सगळीकडून निघाला का? नाही. सोडलेलं पाणी आणि सोडलेला व्हिडिओ परत येत नाही.

जाताना ती दारात थांबली. म्हणाली, "तिथं माझ्याशेजारी बसणाऱ्या दोघीजणी होत्या. धाडीच्या आधीच त्यांना दुसरीकडं नेलं. त्यांची नावं घ्या."

मित्रांनो, म्हणून मी तिचं नाव तुम्हाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं, फार सुंदर होतं, पण ते आता तिचं तिच्याकडे राहू द्या.

आजही कार्यक्रमात खाजाभाई मधेच थांबतात. माझ्या झाकणावर आता एकच चिठ्ठी असते, त्या दोघींच्या नावांची. ती वाचताना ते माझा भाता मिटून ठेवतात, सूर धरत नाहीत. कुणी म्हणतं, पेटी नवी घ्या, हिच्यात राम उरला नाही. खरं आहे. माझ्या भात्याची काळजी कुणी करू नका. पण कुणी गोड बोलून लेकराला न्यायला आलं तर कुठं नेतोस, कोणाकडं नेतोस, हे दहादा विचारा, मग त्याचं कौतुक माझ्यासारख्या पेटीनं केलेलं असलं तरी. माझा भाता फाटायच्या आत ती चिठ्ठी कोरी झालेली मला बघायची आहे.